मोबाईलला विचारता येते, ते घरात का विचारता येत नाही?

आपल्या वस्त्यांतून, चाळींतून, झोपडपट्ट्यांतून आज मोबाईल घरोघर पोहोचला आहे. नळाला पाणी येवो न येवो, मोबाईलला रेंज असते. या मोबाईलवर आपली मुले अभ्यास करतात, गाणी ऐकतात, नोकरीचे अर्ज भरतात. आणि रात्री दिवा मालवल्यावर, पांघरुणाच्या आत, याच मोबाईलला ती असे काही प्रश्न विचारतात जे आईला, बापाला, शिक्षकाला विचारण्याची हिंमत त्यांना होत नाही. माझ्या शरीरात हा बदल का होतो? माझी पाळी का चुकली? निरोध कसा वापरतात? त्या एका चुकीने मला एड्स होईल का?

हे प्रश्न वाईट नाहीत, वयाचे आहेत. वाईट आहे ते त्यांचे एकटेपण. मोबाईल हे एकटेपण कमी करू शकतो की वाढवतो, लैंगिक आजारांपासून आपल्या मुलाबाळांना वाचवण्यात त्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर कोणत्या अटीवर, याचा विचार आपण कुटुंब म्हणून आणि समाज म्हणून केला पाहिजे.

बाबासाहेबांनी चालवलेला खटला

"असले विषय आपल्या पत्रात कशाला?" असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांना नम्रपणे एका खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक मुंबईतून काढीत होते. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुष संबंध या विषयांवर ते शास्त्रीय माहिती देत. वाचक पत्रे पाठवून आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि कर्वे मासिकातून त्यांना उत्तरे देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. सनातनी मंडळी खवळलेली होती. अशा वेळी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. लोक अडचण घेऊन येतात तेव्हा त्यांना खरी माहिती मिळाली पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे इतिहासात कायमचे नोंदले गेले.

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो बाबासाहेबांच्या वतीने स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मांडला. ठराव फेटाळला गेला. ज्या काळात हा शब्द उच्चारणेही पाप समजले जाई, त्या काळात गरीब स्त्रीच्या शरीराचा आणि आरोग्याचा प्रश्न सभागृहात नेणारा पुढारी आपला होता.

तेव्हा प्रश्न टपालाने येत. आज ते मोबाईलवर टाइप होतात. साधन बदलले, विचारणाऱ्याची भीती तीच राहिली.

परिस्थिती काय आहे?

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत आढळले. नव्वदच्या दशकात मुंबईत या आजाराची जी दहशत होती ती अनेकांना आठवत असेल. त्यानंतर निरोधाचा प्रचार, मोफत तपासणी आणि औषधे यांमुळे नवे संसर्ग बरेच घटले. तरीही २०२३ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात २५ लाखांहून अधिक लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत, आणि सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे.

माहितीची स्थिती काय? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एच.आय.व्ही.बद्दल पुरेशी आणि बिनचूक माहिती असलेल्या स्त्रिया देशात शंभरात सुमारे २२ आणि पुरुष सुमारे ३१ निघाले. म्हणजे एड्स हे नाव सर्वांना ठाऊक, पण तो कशाने होतो, कशाने होत नाही, कसा टाळायचा, हे नीट सांगणारे थोडेच. डास चावल्याने होतो, एका ताटात जेवल्याने होतो, असे समजणारे लोक आजही भेटतात. हे अज्ञान दोन प्रकारे मारते. निरोगी माणसाला ते सावध करीत नाही, आणि आजारी माणसाला ते वाळीत टाकते. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही.

मोबाईलने काय साधले?

या कामी मोबाईलचा वापर नवा नाही. २००८ साली एक मजेदार प्रयोग झाला. बी.बी.सी.च्या सेवाभावी संस्थेने एक रिंगटोन तयार केली. वाद्ये नाहीत, फक्त माणसांचे आवाज, आणि त्या आवाजांत "कंडोम, कंडोम" एवढाच शब्द सुरात घोळवलेला. बसमध्ये, लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात फोन वाजला की लोक हसत. लाखो लोकांनी ती आपल्या फोनवर उतरवून घेतली. हेतू एवढाच होता की जो शब्द औषधाच्या दुकानात माणसाच्या ओठांवर येत नाही, तो चारचौघांत हसत-खेळत ऐकू यावा. लाज घालवायची तर आधी तो शब्द सरावाचा व्हावा लागतो.

दुसरे साधन आहे १०९७ हा दूरध्वनी क्रमांक. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. पैसे पडत नाहीत. हिंदी-इंग्रजीखेरीज प्रादेशिक भाषांतही समुपदेशक बोलतात. साध्या बटणांच्या फोनवरूनही ती लागते, ही तिची सर्वांत मोठी सोय.

तिसरे साधन यंत्राने उत्तर देणारे. दूरदर्शनवरील 'मैं कुछ भी कर सकती हूँ' या मालिकेतील डॉ. स्नेहा अनेक भगिनींना आठवत असेल. ही मालिका काढणाऱ्या पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थेने २०१९ साली त्याच डॉ. स्नेहाच्या रूपात 'स्नेहाई' नावाचा चॅटबॉट सुरू केला. मुलामुलींनी शरीर, पाळी, गर्भनिरोधक, छळ याविषयी टाइप करून विचारायचे आणि त्याने हसणे नाही, ओरडणे नाही, फक्त उत्तर द्यायचे. ज्या मुलीला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारायचा आहे, तिला समोर माणसाचा चेहरा नसणे हाच आधार वाटतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

यंत्र कुठे चालले, कुठे अडले?

पण मोबाईल हातात दिला की काम झाले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जगभर याच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आफ्रिकेतील केनिया देशात एच.आय.व्ही.ची औषधे नव्याने सुरू केलेल्या ५३८ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना आठवड्यातून एकदा दवाखान्यातून एकच शब्द मेसेजने जाई: "मांबो?" त्यांच्या स्वाहिली भाषेत याचा अर्थ, "काय, कसे काय?" त्यात औषधाचे नाव नाही, आजाराचे नाव नाही. शेजाऱ्याने वाचला तरी काही कळू नये. रुग्णाने दोन दिवसांत "ठीक आहे" किंवा "अडचण आहे" असे कळवायचे. ज्याने अडचण कळवली किंवा ज्याचे उत्तरच आले नाही, त्याला दवाखान्यातला माणूस स्वतः फोन करी. वर्षभराने पाहिले तर मेसेज मिळणाऱ्यांपैकी शंभरात ५७ जणांच्या रक्तातील विषाणू औषधाने दबला होता. इतरांत हे प्रमाण ४८ होते.

आपल्या दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर जवळपास असाच प्रयोग झाला. येथे दर आठवड्याला संगणकाचा आवाज फोन करी आणि सोबत एक चित्र पाठवले जाई. दोन वर्षे हे चालले. २०१४ साली निष्कर्ष आला की फोन मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक पडला नाही.

इंग्लंड आणि त्याच्या शेजारच्या प्रांतांत गुप्तरोग होऊन बरे झालेल्या सहा हजारांहून अधिक तरुण-तरुणींवर तर अजबच घडले. त्यांना वर्षभर सुरक्षित संबंधांविषयी नीट लिहिलेले संदेश पाठवले. २०२२ च्या अहवालानुसार संदेश मिळालेल्यांत शंभरात २२ जणांना पुन्हा संसर्ग झाला, आणि ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांच्यात २०. संदेशांनी संसर्ग रोखला नाही.

देश वेगळे, माणसे वेगळी, कारणेही अनेक असतील. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते. केनियात संदेशाच्या मागे माणूस होता. "अडचण आहे" म्हटले की कोणीतरी उलट फोन करीत होते. नुसता उपदेश पाठवणारे यंत्र आणि विचारपूस करणारे माणूस यांत हाच फरक आहे. मोबाईल दार उघडून देतो. आत कोणी बसलेले असावे लागते.

फोन कोणाच्या हातात?

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. घरात फोन आहे म्हणजे तो घरातल्या प्रत्येकाचा आहे असे नाही. वर सांगितलेल्या पाहणीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात शंभरात फक्त ५४ होत्या. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ आणि पुरुष ५७. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या आईचा फोन मुलाच्या हातात असतो आणि मुलीचा फोन भाऊ तपासतो. मग जिला माहितीची सर्वांत जास्त गरज, तिच्यापर्यंतच ती पोहोचत नाही. मुलीचा फोन तपासण्याआधी मुलगा आपल्या फोनवर काय पाहतो, हे आपण कधी विचारले आहे का?

कारण मोबाईलवर विषही आहे. पूर्वी लोकलच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर "गुप्तरोगावर हमखास इलाज"ची पत्रके चिकटवलेली असत. ते वैदू आता मोबाईलवर आले आहेत. हस्तमैथुनाने माणूस खलास होतो अशी भीती घालून ते हजारोंची औषधे विकतात. खरे तर हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, की नपुंसकत्व येत नाही. अश्लील चित्रफिती मुलाला शिकवतात की स्त्रीची संमती विचारायची नसते आणि निरोध वापरायचा नसतो. व्हिडिओ कॉलवर कपडे उतरवायला लावून नंतर पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. त्यात सापडलेला मुलगा लाजेपोटी जीव द्यायला निघतो, पण बापाला सांगत नाही. अशा वेळी पैसे देऊ नयेत, मेसेज पुसू नयेत, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. पण मुलगा हे करील तेव्हाच, जेव्हा घरी सांगितले तर मार बसणार नाही याची त्याला खात्री असेल.

तथागतांची कसोटी

मग मोबाईलवरचे खरे कोणते आणि खोटे कोणते? केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांपुढे असाच पेच ठेवला होता. प्रत्येक जण येतो आणि आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे ऐकावे? तथागतांनी त्यांना सांगितले ते असे: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका, त्याने हित होते की अहित, हे स्वतः पारखून घ्या.

ही कसोटी मोबाईलला लावा. माहिती कोण देतो आहे? तो औषध विकतो का? भीती घालतो का? फोटो, आधार क्रमांक, फोनमधील नावांची यादी मागतो का? तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात जा असे सांगतो, की "कोणाला सांगू नका, पैसे पाठवा" म्हणतो? यंत्राने दिलेले उत्तर कितीही गोड भाषेत असो, औषध घेण्याआधी डॉक्टरला विचारा.

प्रत्येक घराला माहीत असावे

निरोध योग्य रीतीने आणि प्रत्येक वेळी वापरला तर एच.आय.व्ही. आणि बहुतेक गुप्तरोगांपासून मोठे संरक्षण मिळते, नको असलेली गर्भधारणाही टळते. तो सरकारी केंद्रांत मोफत मिळतो.

एच.आय.व्ही.ची तपासणी सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आय.सी.टी.सी.मध्ये, मोफत होते आणि नाव गुप्त राहते. संसर्ग झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे तो तपासणीत दिसेलच असे नाही. म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. जबरदस्ती झाली असेल किंवा संसर्गाचा मोठा धोका वाटत असेल, तर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, सरकारी रुग्णालय गाठावे; संसर्ग रोखणारी औषधे असतात, ती २८ दिवस घ्यावी लागतात.

जखम, चट्टा, घाण वासाचे पाणी जाणे, लघवीला जळजळ यांवर लपवून मलम लावू नये. सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असते. नवरा-बायको दोघांनीही उपचार घ्यावे लागतात, नाहीतर रोग पुन्हा घरात येतो. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहेत.

एच.आय.व्ही.ची औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. ती रोज घेऊन रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. असा माणूस काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

आणि कायदा आपल्या बाजूने आहे. एच.आय.व्ही. आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करणे, आजार जगजाहीर करणे, या कारणावरून नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याची खोली नाकारणे या कायद्याने मना आहे.

शील म्हणजे मौन नव्हे

आपण दररोज पंचशील घेतो. त्यातील तिसरे शील कामवासनेतील मिथ्याचारापासून दूर राहण्याचे आहे. काही जण त्याचा अर्थ असा लावतात की या विषयावर बोलूच नये. पण शील म्हणजे मौन नव्हे. ज्या संबंधात जबरदस्ती आहे, फसवणूक आहे, जोडीदाराला आजार देण्याचा धोका लपवलेला आहे, तो मिथ्याचार. महिनोन्‌महिने बाहेरगावी राहणारा चालक किंवा बिगारी घरी येताना पत्नीसाठी साडी आणतो. सोबत तपासणीचा कागदही आणावा, हे शीलच आहे. पत्नीने "निरोध वापरा" म्हटले तर तिच्या चारित्र्यावर संशय न घेणे, हेही शील आहे. आणि मुलाला "ती नाही म्हणाली म्हणजे नाही" हे सांगणे, हे तर पहिल्या वर्गातले शील.

बोलायला मोठे भाषण लागत नाही. आईने मुलीला म्हणावे, "बाई गं, काही वाटलं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही. मला नाही आलं तर दोघी मिळून १०९७ ला विचारू." बापाला जमत नसेल तर मामाने भाच्याशी बोलावे. मोठ्या वहिनीने धाकट्या नणंदेशी बोलावे. फोन दोघांच्या मध्ये ठेवावा, एकट्याच्या पांघरुणात नको.

विहारांनाही हे काम उचलता येईल. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्यातील एक रविवार आरोग्यासाठी द्यावा. जवळच्या सरकारी केंद्रातील समुपदेशकाला बोलवावे. दाराशी एक पेटी ठेवावी, ज्यात कोणीही नाव न घालता चिठ्ठी टाकील, आणि समुपदेशक सर्वांसमोर उत्तर देईल. महिला मंडळाने स्त्रियांची बैठक वेगळी घ्यावी. शिकलेल्या तरुण-तरुणींनी खरी माहिती कोणत्या क्रमांकावर मिळते याचा फलक लिहून लावावा आणि ज्यांना फोन चालवता येत नाही त्यांना क्रमांक लावून द्यावा. वस्तीत कोणी एच.आय.व्ही.सह जगत असेल, तर त्याला मंगलकार्याला बोलवावे, आपल्या पंगतीत बसवावे.

ज्या समाजाने पाण्याला हात लावण्याचा हक्क लढून मिळवला, त्याला एका शब्दाची लाज किती दिवस वाटणार? कर्व्यांना प्रश्न पाठवणारे वाचक आपले नाव लपवीत असतील. आपल्या मुलांना तशी वेळ येऊ नये, एवढे तर आपण आजच्या रात्रीच्या जेवणापासून सुरू करू शकतो.

जयभीम.